आमचा राघू चावरा का झाला

माझ्या उजव्या अंगठ्यावर एक खूण आहे. वर्गातली मुले विचारतात, काय लागले? ती आमच्या राघूची चोच आहे.

गेल्या वैशाखात मोठे वादळ झाले. तेव्हा कन्हान नदीकडच्या रस्त्यावर एक जुने झाड पडले. त्याच्या ढोलीत पोपटाचे पिल्लू होते. अंगावर पिसे जेमतेम आली होती. बाबांनी ते रुमालात गुंडाळून घरी आणले. आईने डाळ भिजवून, वाटून त्याला भरवली. पावसाळाभर तो माझ्या खांद्यावर बसून वेणी ओढायचा. कोणालाच चावत नसे.

दिवाळीत पाहुणे आले. त्यातले एक म्हणाले, "पंख नाही कापले तर उडून जाईल हा." मग त्याच्यावर टॉवेल टाकून कैचीने दोन्ही पंखांची लांब पिसे कापली. टॉवेल मीच धरला होता. तो खूप ओरडला. त्या दिवसापासून राघू चावायला लागला. लहान भाऊ तर पिंजऱ्याजवळूनही जात नव्हता. आजी म्हणे, मिरच्या खाऊन खाऊन तिखट झाला. मला तसे वाटत नाही. चावला की मी ओरडायची आणि पिंजऱ्यावर पट्टी मारायची. त्याने तो आणखीच बिथरला.

मग मी नीट पाहत बसली. पोपट शिकार करणारा पक्षी नाही, त्याचीच शिकार होते. ससाणा वरून येतो, मांजर मागून येते. आपला हात वरून आला की त्याला तसेच वाटत असेल. घाबरलेल्या पाखराजवळ दोनच उपाय असतात, उडून जाणे नाही तर चावणे. उडणे आम्हीच कापून टाकले होते.

चावण्याआधी तो सांगतो. हे आधी कळले असते तर माझा अंगठा वाचला असता. डोळ्यातली काळी बाहुली लहान-मोठी, लहान-मोठी होते. शेपटी पंख्यासारखी पसरते. तेव्हा हात न्यायचा नाही. आपला फक्त खालचा जबडा हलतो, पण पोपटाची वरची चोचही हलते. पकड फार घट्ट असते.

आधी पिंजरा दारातून काढून भिंतीला लावला, म्हणजे मागून कोणी येणार नाही. मी चार हात दूर बसून पाढे पाठ करायची, त्याच्याकडे पाहत नव्हती. दुपारी खाणीत सुरुंग उडतो, घराचे पत्रे वाजतात, तेव्हा तो पिंजऱ्यावर आदळायचा. मी हळूहळू बोलत राहायची. मग लांब काडीला जामाची फोड टोचून द्यायला लागली. दर दोन दिवसांनी काडी थोडी आखूड केली. त्याने शेपटी पसरली की मी मागे सरकायची. आई म्हणाली, "त्याले भेते का वं?" भेऊन नाही. तो थांब म्हणाला की मी थांबते, हे त्याला कळावे म्हणून.

संक्रांतीच्या आधी एक दिवस त्याने माझ्या बोटातून हरभऱ्याचा घाटा घेतला. त्याच्या पायाला पुढे दोन बोटे, मागे दोन. त्यात धरून सोलून खाल्ला. मला इतका आनंद झाला की दुसऱ्याच दिवशी मी पाठीवर हात लावायला गेली, आणि तो पुन्हा चावला. परत काडीपासून सुरुवात! आता तो बोटावर येतो, पण फक्त माझ्या. दोरीवर टॉवेल वाळत असला तरी अजून ओरडतो.

नंतर गुरुजींनी सांगितले की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्या रानातले पोपट घरी ठेवता येत नाहीत. आम्हाला हे माहीतच नव्हते. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे उपचार केंद्र आहे, तिथे बाबांनी फोन केला. कापलेले पीस वाढत नाही, ते गळून त्या जागी नवे येते. नवी पिसे येऊन त्याला नीट उडता आले तरच सोडतील. ते असेही म्हणाले की सोडायच्या पक्ष्याला माणसाची भीती असलेली बरी. मी तर तीन महिने ती घालवत बसली होती. त्या रात्री मी जेवली नाही.

येत्या रविवारी त्याला न्यायचे आहे. पिंजऱ्यावर कापड टाकून आणा, म्हणजे रस्त्यात घाबरणार नाही, असे सांगितले आहे. मी आईची जुनी साडी काढून ठेवली आहे. टॉवेल नाही.