वेरूळची सहल आणि यूट्यूबचे डॉलर

रविवारी सकाळी वेरूळच्या सोळाव्या लेण्यापाशी घटकाभर उभं राहिलं, तर कैलासाकडे नुसत्या डोळ्यांनी पाहणारे कमी आणि मोबाइलच्या पडद्यातून पाहणारे जास्त दिसतात. काही जण बाजूच्या टेकडीवर चढून कळसावरून खाली कॅमेरा फिरवतात. ‘तर मित्रांनो, आज आपण आलेलो आहोत…’ ही सुरुवात एकाच वेळी चार-पाच तोंडांतून ऐकू येते. छत्रपती संभाजीनगरपासून लेणी 30 किलोमीटरवर. पेट्रोल घरचं, डबा घरचा आणि मनात एक हिशेब पक्का: व्हिडिओ चालला तर सहलीचा खर्च निघेल, जोरात चालला तर नोकरीची कटकटही जाईल.

सहलीच्या व्हिडिओला पैसे मिळतात, यात खोटं काही नाही. यूट्यूबवर चढलेला पहिला व्हिडिओच मुळी फेरफटक्याचा होता. 23 एप्रिल 2005 रोजी चढलेल्या त्या व्हिडिओत संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहिला आणि 19 सेकंद बोलला. घोटाळा होतो तो पैसे कुठून, केव्हा आणि किती येतात याबद्दलच्या समजुतींमध्ये.

पहिली समजूत अशी, की व्हिडिओ टाकला आणि लोकांनी पाहिला की मीटर चालू होतं. तसं होत नाही. जाहिरातींतला वाटा मिळण्यासाठी चॅनेलचे 1000 सबस्क्राइबर लागतात आणि त्यासोबत मागच्या 12 महिन्यांत 4000 तास पाहिलं गेल्याची नोंद, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. 4000 तास म्हणजे 2 लाख 40 हजार मिनिटं. माणूस सरासरी चार मिनिटं थांबतो असं मानलं, तर 60 हजार वेळा व्हिडिओ पाहिला जायला हवा. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेली मिनिटं या 4000 तासांत धरत नाहीत, हे पुष्कळांना अर्ज करताना कळतं. 500 सबस्क्राइबर आणि 3000 तासांवर एक अलीकडचा दरवाजा 2023 पासून उघडला आहे, पण त्यातून प्रेक्षकांनी स्वखुशीने दिलेले पैसे घेता येतात, जाहिरातींचे नाहीत. घरातल्या चार मोबाइलवर रात्रभर आपलाच व्हिडिओ चालू ठेवण्याची युक्तीही फुकट जाते. असे व्ह्यूज यंत्रणा ओळखते, आणि प्रकार वाढला तर चॅनेलवरच कारवाई होते.

समजा दरवाजा उघडला. मग ‘लाख व्ह्यूज म्हणजे लाख रुपये’ ही दुसरी समजूत पुढे येते. जाहिरातदार जे मोजतो त्यातले लांब व्हिडिओवर 55 टक्के चॅनेलवाल्याला मिळतात, शॉर्ट्सवर त्याच्या वाट्याला आलेल्या रकमेतले 45 टक्के. दर ठरलेला नसतो. प्रेक्षक कोणत्या देशातला, विषय कोणता, महिना कोणता यावर तो हलतो. दिवाळीच्या आसपास जाहिराती वाढतात आणि जानेवारीत आकडा घसरतो. अमेरिकेतल्या प्रेक्षकामागे मिळणारी रक्कम भारतातल्या प्रेक्षकापेक्षा बरीच मोठी असते. केवळ हिशेबापुरतं असं धरू, की हजार व्ह्यूजमागे हातात 40 रुपये पडले. लाख व्ह्यूजचे झाले 4000. अजिंठा जाऊन-येऊन 200 किलोमीटर. गाडीचं इंधन, तिकिटं, चौघांचं जेवण वजा करा. उरतील त्यात दोन दिवसांच्या एडिटिंगची मजुरी धरायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. व्हिडिओ आठ मिनिटांपेक्षा मोठा असेल तर मध्येही जाहिरात लावता येते. म्हणून तर पाच मिनिटांची गोष्ट नऊ मिनिटं ताणलेली दिसते, आणि प्रेक्षक सातव्या मिनिटाला पळालेला.

हे पैसेसुद्धा लगेच हातात येत नाहीत. कमाई जमा होते त्या ॲडसेन्स खात्यात दहा डॉलर जमले की पत्ता पडताळण्यासाठी टपालानं एक पिन येतो. डॉलरची वाट पाहणारी पोरं त्या दिवसांत पोस्टमनची वाट पाहतात. खात्यात 100 डॉलर जमेपर्यंत बँकेकडे काही सरकत नाही. अमेरिकी करासाठीचा फॉर्मही भरावा लागतो. तो भरला तर भारतीय चॅनेलच्या फक्त अमेरिकी प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर कर कापला जातो, दोन देशांतल्या करारानुसार 15 टक्के. न भरला तर जगभरच्या एकूण कमाईतून 24 टक्क्यांपर्यंत कात्री लागू शकते. आळसाची एवढी महाग शिक्षा क्वचितच मिळते.

आता कॅमेऱ्याबद्दल. ‘चांगला कॅमेरा आणि सुंदर जागा असली की झालं’ हा समज सगळ्यांत खर्चिक. हप्त्यावर कॅमेरा येतो, गिंबल येतं, आणि बीबी का मकबऱ्याचे तेच चार मिनार दहा हजाराव्यांदा सावकाश वर सरकतात. वेरूळ आणि अजिंठा 1983 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांची सुंदर दृश्यं जगात कमी नाहीत. नांदेडहून किंवा नाशिकहून पोरंबाळं घेऊन निघालेल्या कुटुंबाला वेगळंच काही हवं असतं. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, मग दोन दिवसांची सहल कोणत्या वारी आखायची? फर्दापूर फाट्यावर गाडी लावून पुढचे चार किलोमीटर बसनं जावं लागतं, त्यात आजीबाईंचं कसं? घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो, हे आधी कोण सांगणार? अशा प्रश्नाचं नेमकं उत्तर देणारा, साध्या मोबाइलवर काढलेला व्हिडिओ वर्षानुवर्षं शोधला जातो. संगीत लावलेलं सूर्यास्ताचं दृश्य आठवड्यात विसरलं जातं.

शोधण्यावरून इथली एक खास अडचण. शहराचं औरंगाबाद हे नाव 2023 मध्ये अधिकृतपणे बदललं. बाहेरचा, विशेषतः परदेशी पर्यटक अजून जुन्या नावानंही शोधतो. त्यात बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे. नुसतं जुनं नाव लिहिलं तर व्हिडिओ भलत्याच जिल्ह्यात जाऊन बसतो, नुसतं नवं लिहिलं तर पाहुण्याला सापडत नाही. शीर्षकात वेरूळ किंवा अजिंठा आणि वर्णनात दोन्ही नावं, हा त्यातला सरळ मार्ग.

मग ज्यांचं पोट यावर चालतं ते कमावतात कसे? बहुतेकांचं जाहिरातींवर भागत नाही. सिंधुदुर्गातले प्रसाद गावडे शिक्षणानं अभियंता. ‘कोकणी रानमाणूस’ या नावानं ते कोकणातली जंगलं, घरं, खाणं आणि तिथलं जगणं दाखवतात, आणि व्हिडिओ पाहून येणाऱ्या पाहुण्यांना गावातल्या घरांत राहण्याचा, निसर्ग पर्यटनाचा अनुभव देतात. व्हिडिओनं ओळख दिली, व्यवहार गावात झाला. मुंबईचे निखिल शर्मा, म्हणजे ‘मुंबईकर निखिल’, विमानातली नोकरी सोडून मोटारसायकलवरच्या प्रवासाचे व्हिडिओ करू लागले आणि पुढे त्यांनी कपड्यांचा स्वतःचा ब्रँड काढला. दोघांच्या वाटा अगदी वेगळ्या, पण दोघांकडे विकायला व्हिडिओखेरीज काहीतरी होतं.

मराठवाड्यात अशा वाटा कमी नाहीत. पैठणचा पैठणी विणणारा, शहरातला हिमरू कारागीर, हिवाळ्यात नाथसागरावर पक्षी दाखवणारा स्थानिक जाणकार, पितळखोऱ्याची वाट ठाऊक असलेला गावकरी यांच्यासाठी व्हिडिओ हे गिऱ्हाईक आणण्याचं साधन होऊ शकतं. गाइड म्हणून रीतसर काम करायचं असेल तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा पर्यटक सुविधाकार प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम आहे. याखेरीज सहलीत टिपलेली स्वच्छ, थरथर नसलेली दृश्यं शटरस्टॉक, पाँड फाइव्हसारख्या संकेतस्थळांवर परवान्यानं विकता येतात. तिथे चेहरा ओळखू येणाऱ्या माणसाची लेखी संमती मागतात, त्यामुळे शेजारच्या सहलीतल्या काकू फ्रेममध्ये नकोत.

प्रवासातल्या चित्रांतून कमावणं आजचं नाही. ईस्ट इंडिया कंपनीनं 1844 मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला पगारी नेमलं. या कामासाठी त्यानं इथे वर्षानुवर्षं घालवली. पुढे कॅमेराही हाती घेतला. त्यानं लंडनला पाठवलेली बहुतेक चित्रं 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. गिलजवळ दुसरी प्रत नव्हती. आजच्या व्हिडिओवाल्यांना हार्ड डिस्क दोन ठेवायला सांगताना ही गोष्ट सांगावी.

‘तिकीट काढलं, म्हणजे काहीही चित्रित करता येतं’ या समजुतीनं पोरं सुरक्षारक्षकांशी हुज्जत घालतात. अजिंठ्यात फ्लॅशला मनाई आहे, कारण दीड-दोन हजार वर्षांचे रंग प्रकाशानं फिके पडतात. पुरातत्त्व खात्यानं 2018 मध्ये बहुतेक स्मारकांत छायाचित्रणाची मुभा दिली, तेव्हा अजिंठ्याची लेणी अपवाद ठेवली होती. म्हणून आत काय चालतं ते दारातच विचारून घ्यावं. हातातल्या मोबाइलनं केलेलं घरगुती चित्रण वेगळं आणि ट्रायपॉड, दिवे, कलाकार घेऊन केलेलं शूटिंग वेगळं; दुसऱ्यासाठी आधी लेखी परवानगी लागते. घृष्णेश्वराच्या मंदिरात तर चित्रण नाहीच.

ड्रोनचं प्रकरण आणखी नाजूक. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीवाचून ड्रोन उडवता येत नाही. चिकलठाण्याचा विमानतळ आणि छावणीचा लष्करी भाग लक्षात घेतला, तर शहरात मोकळं आभाळ फारसं उरत नाही. ‘250 ग्रॅमपेक्षा हलका ड्रोन असला की काहीच लागत नाही’ हे अर्धसत्य आहे. त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण हवाई क्षेत्राचे आणि स्मारकांचे निर्बंध त्यालाही तसेच लागू. त्याहून वजनदार, दोन किलोपर्यंतच्या ड्रोनला प्रमाणपत्राची सूट आहे ती हौसेपुरती. व्हिडिओतून कमाई सुरू झाली की ती हौस राहत नाही.

संगीताचा समज थोडक्यात. ‘पंधरा सेकंद गाणं चालतं’ असा कुठलाही कायदा नाही. गाणं ओळखलं गेलं की त्या व्हिडिओच्या जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे वळू शकतात. हक्कदारानं रीतसर तक्रार केली आणि 90 दिवसांत असे तीन स्ट्राइक बसले, तर चॅनेलच बंद होतं. शहरातल्या पाणचक्कीच्या पाण्याचा आवाज मात्र कुणाच्या मालकीचा नाही, आणि कानाला तो बराही लागतो.

फुकट मुक्कामाचंही असंच. हॉटेलनं दोन रात्री मोफत दिल्या, बदल्यात व्हिडिओ केला. यात पैसे हातात आले नाहीत म्हणून सांगायचं काय कारण, असं अनेकांना वाटतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जानेवारी 2023 च्या मार्गदर्शनानुसार मोफत मुक्काम, भेटवस्तू, सवलत हे सगळं जाहीर करावं लागतं, आणि तेही व्हिडिओ ज्या भाषेत आहे त्याच भाषेत, सहज दिसेल असं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा चुकल्यास 50 लाखांपर्यंत दंडाची तरतूद 2019 च्या कायद्यात आहे. मराठी व्हिडिओवाल्यांमध्ये ही नोंद अजून फार कमी दिसते, आणि प्रेक्षकांचा विश्वास त्यामुळेच लवकर उडतो.

एक समजूत मात्र पैशांपुरती राहत नाही. जागा जितकी धोक्याची तितके व्ह्यूज जास्त, ही ती समजूत. जून 2024 मध्ये शूलिभंजनच्या दत्त मंदिर परिसरात, गाडी चालवायला शिकलेली नसताना रील करण्यासाठी स्टिअरिंगवर बसलेली 23 वर्षांची तरुणी कारसह दरीत कोसळून मरण पावली. पुढच्याच महिन्यात रायगडमधल्या कुंभे धबधब्यापाशी चित्रण करताना मुंबईची एक तरुणी घळीत पडली आणि दगावली. ती तर प्रवासाचे व्हिडिओ नियमित करणारी होती. पावसाळ्यात म्हैसमाळ, शूलिभंजनच्या कड्यांवर आजही तशीच गर्दी होते.

राहिला आपला प्राप्तिकर. ‘डॉलर परदेशातून येतात, त्यावर इथे कर नाही’ ही समजूत चुकीची आहे. भारतात राहणाऱ्याला हे उत्पन्न दाखवावंच लागतं आणि पगारदारांच्या साध्या, पहिल्या क्रमांकाच्या फॉर्मवर ते भरता येत नाही. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो. कंपनीनं दिलेला आणि स्वतःकडे ठेवलेला कॅमेरा, मोफत सहल अशा लाभांची किंमत वर्षात 20 हजारांवर गेली, तर 1 जुलै 2022 पासून त्यावर 10 टक्के करकपात आहे. म्हणून पहिल्या डॉलरपासून पेट्रोल, तिकिटं, इंटरनेट, एडिटिंग या सगळ्यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. खर्च म्हणून त्या दाखवता येतात. हा धंदा आता सरकारी कागदावरही आला आहे. निर्धारण वर्ष 2025-26 पासून विवरणपत्रात समाजमाध्यमांवरच्या इन्फ्लुएन्सरांसाठी स्वतंत्र सांकेतांक आहे: 16021.