पुरलेलीं शस्त्रें आणि शिवणयंत्रें

विराटनगरींत शिरण्यापूर्वीं पांडवांनीं आपलीं शस्त्रें शमीवृक्षावर ठेविलीं, ही कथा दसऱ्यास घरोघर सांगितली जाते. तीं शस्त्रें टाकून दिलेलीं नव्हतीं, पुन्हां काढण्यासाठींच लपविलेलीं होतीं, एवढें मात्र सांगतांना बहुधा सुटतें. यादवी शमलेल्या देशांत नेमका हाच प्रश्न मागें उरतो.

पूर्व आफ्रिकेंतील मोझांबिकचें उदाहरण घेऊं. हा मुलूख आमच्या वाचकांस अगदींच परका नाहीं; १७५२ पर्यंत पोर्तुगीज त्याचा कारभार गोव्याहूनच पाहत असत. १९७५ सालीं तो स्वतंत्र झाला, आणि १९७७ पासून फ्रेलिमोचें सरकार व रेनामोचे बंडखोर यांच्यांत जें युद्ध पेटलें, त्यांत शस्त्रानें, उपासमारीनें व रोगानें सुमारें दहा लक्ष माणसें गेलीं. ४ ऑक्टोबर १९९२ रोजीं रोम येथें तह झाला. संयुक्त राष्ट्रांच्या पथकानें दीड लाखाहून अधिक हत्यारें गोळा केलीं. परंतु त्यांतलीं थोडींच मोडलीं. शिवाय कितीएक अंगणांत, रानांत पुरलेलींच राहिलीं. सरहद्दीपलीकडे दक्षिण आफ्रिकेंत दरोडेखोरांच्या हातीं तीं दिसूं लागलीं, तेव्हां १९९५ पासून दोन्ही देशांचे पोलीस मिळून साठे हुडकून जागच्या जागीं नष्ट करूं लागले.

त्याच वर्षीं तेथील ख्रिस्ती परिषदेनें निराळी वाट धरली. तिचे पुढारी बिशप दिनिश सेंगुलाने. तरवारींचे फाळ करावेत ही बायबलांतील यशया प्रवक्त्याची कल्पना त्यांनीं अक्षरशः घेतली. बंदूक आणून द्यावी, तिच्या बदल्यांत शिवणयंत्र, सायकल, कुदळी, नांगर किंवा छपराचे पत्रे न्यावेत. रोख पैसा नाहीं, कारण पैशानें दुसरी बंदूक विकत मिळते. बंदूक कोठून आली, तिनें काय केलें, हें कोणी विचारावयाचें नाहीं. आलेलें हत्यार निकामी करून कापून टाकावयाचें. कोठारांत ठेविलेलें हत्यार केव्हां पाय फोडून बाहेर पडेल याचा नेम नसतो. एका खेड्यानें मिळून हत्यारें दिलीं व ट्रॅक्टर मिळविला. आम्हांस हा प्रकार सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कारण शेजाऱ्याजवळ बंदूक आहे तोंवर एकटा गृहस्थ आपली कशी देईल?

या योजनेवर एक आक्षेप आहे, व तो हलका नाहीं. ज्यानें बंदूक चालविली त्याला यंत्र मिळालें. जिचा नवरा त्या बंदुकीनें मेला तिला काय? या अन्यायाचें उत्तर आमच्याजवळ नाहीं. पण तीच बंदूक उद्यां तिच्या मुलावर न रोखली जाण्याचें मोल तिलाच अधिक कळत असेल, असें आम्हांस वाटतें.

कापलेले तुकडे मापुटोच्या कलावंतांकडे गेले. २००१ सालीं केस्टर नांवाच्या शिल्पकारानें त्यांचें एक सिंहासन केलें; तें हल्लीं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. त्याची पाठ पोर्तुगालच्या रायफलींची. मोझांबिकमध्यें घडलेली एकही बंदूक त्यांत नाहीं!

इतकें होऊनही २०१३ सालीं रेनामो व सरकार पुन्हां लढले. ऑगस्ट १९१९ नव्हे, २०१९ मध्यें, म्हणजे पहिल्या तहानंतर सत्तावीस वर्षांनीं, नवा तह झाला. सुमारें पांच हजार सैनिकांनीं शस्त्रें खालीं ठेविलीं, आणि रेनामोचा शेवटचा तळ बंद व्हावयास जून २०२३ उजाडला.