दीर्घसूत्रता आणि इंटरनेटचा अतिवापर

विद्यार्थी दिवसातील किती तास इंटरनेटवर घालवतो, या प्रश्नापासून आपल्याकडील बहुतेक चर्चांना आरंभ होतो आणि बहुधा त्याच प्रश्नापाशी त्या थांबतात. मानसशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न दुय्यम होय. एखादा संशोधक विद्यार्थी नियतकालिके चाळण्यात आठ तास घालवील. दुसरा केवळ दोन तास चित्रफिती पाहील, परंतु ते दोन तास नेमके प्रबंधाचे प्रकरण लिहावयास बसण्याच्या वेळचे असतील. यांपैकी कोणाची स्थिती अधिक चिंताजनक आहे, हे घड्याळावरून ठरत नाही. वापर किती होतो यापेक्षा तो कशाच्या ऐवजी होतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

‘इंटरनेटचे व्यसन’ ही संज्ञा प्रथम १९९५ मध्ये आयव्हन गोल्डबर्ग या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने वापरली, आणि ती थट्टेने वापरली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढच्याच वर्षी किंबर्ली यंग यांनी मात्र ती गंभीरपणे घेतली. जुगाराच्या विकृतीचे निकष आधारास घेऊन त्यांनी आठ प्रश्नांची सूची सिद्ध केली व पाच किंवा अधिक होकारार्थी उत्तरे देणाऱ्यास ‘अवलंबित’ ठरविले. त्यांच्या ४९६ उत्तरदात्यांपैकी ३९६ अवलंबित निघाले. तथापि हे उत्तरदाते जाहिराती व आवाहने वाचून आपण होऊन पुढे आलेले होते. तेव्हा या आकड्यावरून सर्वसाधारण समाजाविषयी अनुमान काढणे युक्त नव्हे. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ च्या वर्गीकरणात केवळ इंटरनेटवरील खेळांच्या विकाराचा, तोही अधिक अभ्यासाची गरज असलेला विषय म्हणून, निर्देश केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या वर्गीकरणात खेळांच्या विकारास स्थान मिळाले. इंटरनेटच्या सर्वसामान्य अतिवापरास स्वतंत्र विकार म्हणून ते मिळालेले नाही. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेत २०१४ पासून यासाठी खास उपचारकेंद्र आहे, आणि ज्यांचे झोप, आहार व शिक्षण सर्वच कोलमडले आहे अशांना त्याची गरज आहे, यात संशय नाही. परंतु आपल्या वर्गातील बहुसंख्य विद्यार्थ्यांची अवस्था ही नव्हे. त्यांच्या बाबतीत ‘व्यसन’ या शब्दाने उलगडा होण्याऐवजी विचारच थांबतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्यांच्या वर्तनास अधिक समर्पक शब्द आपल्या भाषेत पूर्वीपासून आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणे सांगताना ‘अलस’ आणि ‘दीर्घसूत्री’ असे दोन वेगळे शब्द योजिले आहेत, आणि त्यांच्या मध्ये ‘विषादी’ हा शब्द येतो. त्यावरून फार मोठा सिद्धांत उभारावा असे नाही. पण आळस आणि चालढकल एक नव्हेत, हा भेद मात्र आधुनिक संशोधनासही मान्य आहे. आळशी मनुष्यास काम करावयाचेच नसते. चालढकल करणाऱ्यास ते करावयाचे असते, विलंबाने आपलेच नुकसान होईल हे तो जाणतो, आणि तरीही स्वेच्छेने ते लांबणीवर टाकतो. ही प्रवृत्ती यंत्राहून जुनी आहे. सॉलोमन व रॉथब्लम यांच्या १९८४ च्या, म्हणजे घरोघरी इंटरनेट पोहोचण्यापूर्वीच्या, अमेरिकेतील पाहणीत सुमारे ४६ टक्के विद्यार्थ्यांनी सत्रनिबंध लिहिण्यात आपण नेहमी किंवा जवळजवळ नेहमी चालढकल करतो, असे नमूद केले होते.

मग हे घडते कसे? फ्यूशिया सिरॉय व टिमथी पिचिल यांनी २०१३ मध्ये मांडलेली उपपत्ती येथे विशेष उपयुक्त वाटते. त्यांच्या मते चालढकल हा वेळेच्या नियोजनातील दोष नसून भावनांच्या नियमनाचा प्रश्न आहे. कोरा कागद पुढे येताच ‘आपल्याला हे साधणार नाही’ अशी शंका मनात उठते, कंटाळा व भीती दाटून येते, आणि हात मोबाइलकडे जातो. त्या क्षणी जी सुटका वाटते तीच या वर्तनाचे पारितोषिक ठरते. अप्रिय संवेदना दूर झाल्यामुळे एखादे वर्तन दृढ होणे, यास ऋण प्रबलन म्हणतात. विद्यार्थ्यास चित्रफीत आवडते म्हणून तो ती पाहतो, असे नेहमीच नसते. पुष्कळदा त्यास ती फारशी आवडतही नाही.

सुटकेचे मार्ग पूर्वीही होते. परंतु कट्ट्यावरचे मित्र कधीतरी घरी जात, कॅरमचा डाव संपे, वर्तमानपत्रास शेवटचे पान असे. आजच्या पडद्यास शेवटचे पान नाही. शिवाय फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, पारितोषिक किती प्रयत्नांनंतर मिळेल हे अनिश्चित असले म्हणजे वर्तन अत्यंत चिवट होते. पुढचा संदेश रंजक निघेल की निरस, हे पाहिल्यावाचून कळत नाही. भारतात सप्टेंबर २०१६ नंतर डेटाचे दर झपाट्याने उतरले आणि खर्चाचा उरलासुरला अडसरही गेला. सर्वांत बिकट गोष्ट ही की, ज्या पडद्यावर संदर्भग्रंथ उघडावयाचा त्याच पडद्यावर पलायनाची वाटही आहे. ग्रंथालयात कॅरम नव्हता.

‘अखेरच्या घटकेच्या दडपणाखालीच माझे काम उत्तम होते’, असे समर्थन आपण अनेकदा ऐकतो. टाइस व बाउमाइस्टर यांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांचे संपूर्ण सत्रभर निरीक्षण करून हे तपासले. सत्रारंभी चालढकल करणारे इतरांपेक्षा निश्चिंत व निरोगी होते. सत्राखेरीस त्यांचा ताण व आजारपण इतके वाढले की एकंदर बेरीज त्यांच्या विरुद्ध गेली. गुणही कमीच मिळाले. तथापि आरंभीचा तो लाभ खरा होता, हे विसरता कामा नये. प्रवृत्ती टिकून राहते ती त्याच्याच बळावर.

पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या बाबतीत ही सर्व कारणे एकत्र येतात. पीर्स स्टील यांनी २००७ मध्ये पूर्वीच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. कामाचा उबग, फलप्राप्तीस लागणारा विलंब आणि स्वतःच्या क्षमतेविषयी अविश्वास यांचा चालढकलीशी ठळक संबंध त्यात आढळला. प्रबंधात हे तिन्ही हजर असतात: मुदत वर्षांनी मोजली जाते, विषयाची सीमा अस्पष्ट असते, आणि मार्गदर्शकाचा अभिप्राय मिळतो तो कधीकाळी. अशा स्थितीत मोबाइल काढून घेतला तरी खोली आवरणे, टिपणांची पुनर्रचना, आणखी एक ग्रंथ वाचणे असे मार्ग शिल्लक राहतातच.

याबाबत एरिअली व वेर्टेनब्रॉख यांचा २००२ चा प्रयोग अध्यापकांनी अवश्य पाहावा. विद्यार्थ्यांना मुद्रितशोधनासाठी तीन मजकूर दिले होते. समान अंतराने मुदती नेमून दिलेल्या गटाने सर्वाधिक चुका शोधल्या. स्वतः मुदती ठरविणारा गट त्याच्या मागे होता, आणि केवळ अखेरची एकच मुदत असलेला गट सर्वांत मागे राहिला. आपली दुर्बलता विद्यार्थ्यास ठाऊक असते, परंतु तिच्यावरचा उपाय तो स्वतः पुरेसा कठोरपणे योजू शकत नाही.

राहिला प्रश्न दोष देण्याचा. वोल, पिचिल व बेनेट यांनी २०१० मध्ये कॅनडातील ११९ प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या परीक्षेपूर्वीच्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. ही शिथिलतेची शिकवण नव्हे. अपराधभावना ही स्वतःच एक अप्रिय भावना असल्याने तीही पलायनास कारण होते, एवढाच याचा अर्थ. जो विद्यार्थी चार महिने लेखन झाले नाही म्हणून मार्गदर्शकास टाळतो, विभागाच्या मागल्या जिन्याने ये-जा करतो, तो तेच करीत असतो जे मोबाइल हाती घेणारा करतो. त्यास बोलावून घ्यावे, न लिहिलेल्या प्रकरणाची चौकशी बाजूस ठेवावी, आणि पंधरा दिवसांनंतरची एक तारीख द्यावी: त्या दिवशी जी काही पाने झाली असतील, मग ती दोनच का असेनात, ती घेऊन यावयाचे.