आई, सशाला घरात घेऊ ना!

“बाई, तुम्ही माझ्या आईला सांगाल का?”

एप्रिलचा महिना, सकाळची शाळा, मधली सुट्टी. चौथीतली एक मुलगी डबा न उघडताच माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली होती. आमचं गाव जळगाव जिल्ह्यातलं. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच ठाऊक! या मुलीचा ससा गच्चीवर, पत्र्याखाली, जाळीच्या पिंजऱ्यात. आदल्या दिवशी दुपारी ती वर गेली तर तो आडवा पडून तोंड उघडं टाकून धापा टाकत होता. हिने ओल्या हाताने त्याचे कान पुसले. संध्याकाळी कुठे तो उठून बसला. आईचं म्हणणं मात्र एकच: “ससा घरात येणार नाही, म्हणजे नाही!”

दोस्तांनो, मला एकदम माझा ससा आठवला. मी तिच्याच एवढी होते. आमच्या अंगणातल्या पिंजऱ्यात पाणी होतं, पाला होता. पण मे महिन्यातल्या एका दुपारी ऊन सरकत सरकत पिंजऱ्यावर आलं आणि आम्ही सगळे आत झोपलेलो. तो का गेला, हे मला तेव्हा कुणीच नीट सांगितलं नाही. पुढे मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं.

सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. कुत्र्यासारखी धाप टाकूनही त्याचं अंग फारसं थंड होत नाही. अंगातली उष्णता तो बाहेर टाकतो ती मुख्यतः कानांवाटे. ते लांब कान नुसते ऐकायला नाहीत, बरं का! त्यांत रक्ताच्या बारीक वाहिन्यांचं जाळं असतं. पण बाहेरची हवाच तापलेली असेल तर बिचारे कान तरी काय करणार? पारा तिशीच्या वर गेला की सशाला त्रास सुरू होतो. आमच्याकडे तो चाळिशी ओलांडतो! शिवाय पाळीव ससा मुळात इथला नाहीच. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, जमिनीत बिळं करून राहणारे. दुपारी थंडगार बिळात झोपायची त्यांची सवय. गच्चीवर बीळ कुठून आणायचं?

हे मी तिला सांगितलं आणि म्हटलं, “आईशी बोलणार तूच. मी फक्त तुझी तयारी करून घेते. आई काय काय म्हणते, ते आधी वहीत लिही.”

दुसऱ्या दिवशी वही आली. पहिलंच वाक्य: ‘ससा म्हणजे उंदराचाच भाऊ.’ मला हसू आलं. पण आईला हसायचं नाही हं! शास्त्रज्ञसुद्धा सशांना बरीच वर्षं उंदरांच्याच गटात धरत होते. १९१२ साली त्यांचा गट वेगळा मानला गेला. कारण? सशाच्या वरच्या पुढच्या दातांमागे आणखी दोन चिमुकले दात लपलेले असतात. उंदराला ते नसतात.

दुसरं वाक्य: ‘घरभर लेंड्या आणि वास.’ ही आईची खरी अडचण. घर तीच झाडते ना! पण ससा हा फार टापटिपीचा प्राणी आहे. तो बहुधा एखादा कोपरा ठरवतो आणि तिथेच जातो. तो कोपरा कोणता, ते दोन दिवस बघायचं. मग तिथे एक पसरट ट्रे ठेवायचा, त्यात वर्तमानपत्राच्या घड्या आणि वर वाळलेलं गवत. त्याच्याच चार लेंड्या त्यात टाकायच्या, म्हणजे जागा त्याला कळते. सशाला गवत खाता खाताच शी करायची सवय असते, त्यामुळे गवत ट्रेपाशीच हवं. लेंड्या कोरड्या असतात, त्यांना फारसा वास नसतो. वास येतो तो लघवीचा. म्हणून ट्रे रोज बदलायचा. कोणी? आईने नव्हे! इथेच बहुतेक मुलांचा खटला हरतो. (आई-बाबांनो, वयात आलेला नर इकडेतिकडे शिंतोडे उडवतो. नसबंदीने ते पुष्कळ कमी होतं. मात्र सशांचा अनुभव असलेले जनावरांचे डॉक्टर गाठा.)

‘वायरी कुरतडेल.’ कुरतडेलच! त्याचे दात जन्मभर वाढतात, ते झिजायला हवेत. म्हणून वायरी उंच बांधायच्या, निदान एक खोली तरी तशी करायची, आणि त्याला कुरतडायला पुठ्ठ्याचं खोकं द्यायचं. दातांची खरी झीज होते ती गवताने. हरळी, वाळलेलं गवत हे त्याचं मुख्य जेवण. ते बुरशीचं किंवा औषध फवारलेलं नको. थोडी कोथिंबीर चालते. चित्रांतला ससा गाजर खातो खरा, पण गाजर गोड; ते सशाला पेढ्यासारखं, कधीतरी एक तुकडा. पोळी, बिस्किट, कांदा, चॉकलेट मुळीच नाही. सशाला उलटी करता येत नाही, चुकीचं पोटात गेलं की अडकलं. अर्धा दिवस त्याने काहीच खाल्लं नाही, तर उद्यावर न टाकता डॉक्टरांकडे न्यायचं.

‘अभ्यास बुडेल’ हेही वहीत होतंच! याचं उत्तर सशानेच दिलंय. तो जागा असतो पहाटे आणि तिन्हीसांजेला. भर दुपारी पेंगतो.

एका वाक्याला मात्र माझ्याकडेही उत्तर नव्हतं: ‘आजीला दमा आहे.’ तिथे मी साफ सांगितलं, की आजीच्या डॉक्टरांना विचारायचं आणि ते म्हणतील तेच करायचं. डॉक्टर म्हणाले, आजीच्या खोलीत ससा नको, केस रोज पुसून काढा आणि त्रास वाटला तर लगेच बंद. ही अट मुलीने मुकाट्याने मान्य केली.

मग तिने आईकडे आठच दिवस मागितले. कायमचं नाही, आठ दिवस! ट्रे मी बदलीन, फरशी मी पुसेन, एक दिवस चुकले तर ससा परत वर. हे लिहून खाली सही केली. स्वयंपाकघराशेजारच्या बोळात सतरंजी पसरली, कारण गुळगुळीत फरशीवर सशाचे पाय घसरतात. दुपारी पाण्याची गोठवलेली बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवली. तिला टेकून ससा झोपला.

आणि हो, ज्यांच्याकडे ससा नाही, त्यांनी हे वाचून बाजाराकडे धावू नका! ससा आठ-दहा वर्षं जगतो. आज चौथीत असाल, तर तुम्ही कॉलेजात जाईपर्यंत ट्रे बदलावा लागेल. शेतात दिसणारा रानससा तर पकडायचाच नाही. तो वेगळा प्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

निकालाच्या दिवशी मुलीची आई शाळेत आली. मी विचारलं, “आठ दिवस संपले ना? आजी कशा आहेत?”

“बऱ्या आहेत. पण बाई, हे प्रगतिपुस्तक ठेवू कुठे? फ्रिजवर ठेवते. खाली ठेवलं तर तो पुठ्ठा खातो मेला!”