विश्लेषण : एका फुटाची ‘विक्रांत’... जहाजांच्या हुबेहूब प्रतिकृती घरी कशा तयार होतात?

जुन्या ‘आयएनएस विक्रांत’वर आता कुणालाही पाऊल ठेवता येणार नाही. १९६१ मध्ये नौदलात दाखल झालेली ही विमानवाहू नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. त्यानंतर काही वर्षे ती मुंबईत तरंगते संग्रहालय होती. २०१४च्या अखेरीस दारूखान्यात तिची तोडणी सुरू झाली. आता उरले आहेत ते आराखडे, छायाचित्रे आणि प्रतिकृती. छोट्या प्रमाणात हुबेहूब जहाजे बनवण्याचा छंद जगभर जोपासला जातो. पण त्यासाठी चिमटा हातात घेण्याआधीच एक प्रश्न सोडवावा लागतो : कोणत्या वर्षीची विक्रांत बनवायची?

‘स्केल’ म्हणजे नेमके काय?

स्केल म्हणजे खऱ्या जहाजाच्या तुलनेत प्रतिकृती किती पट लहान आहे ते प्रमाण. प्लास्टिकच्या युद्धनौकांमध्ये १:७०० आणि १:३५० ही प्रमाणे सर्वाधिक दिसतात. जुनी विक्रांत सुमारे ७०० फूट लांब होती. म्हणजे १:७०० प्रमाणात ती बरोबर एक फुटाची होते, तर १:३५० प्रमाणात दोन फुटांची.

लांबी निम्मी झाली म्हणजे काम निम्मे होत नाही. १:३५० प्रमाणात पावणेसहा फुटी नौसैनिक पाच मिलिमीटरचा, तर १:७०० प्रमाणात अडीच मिलिमीटरचा होतो. रंगाचेही तसेच आहे. १:३५०च्या प्रतिकृतीवर रंगाचा ०.१ मिलिमीटरचा थर चढला, तर खऱ्या जहाजाच्या हिशेबात तो साडेतीन सेंटिमीटर जाड होतो. त्यात पत्र्यांचे सांधे, दारे, खिडक्या सगळे बुजून जाते. म्हणूनच अनुभवी मंडळी ब्रशऐवजी एअरब्रशने पातळ रंगाचे अनेक हलके हात देतात.

वर्षाचा एवढा आग्रह कशासाठी?

जहाज आयुष्यभर एकसारखे राहत नाही. १९७१च्या युद्धात विक्रांतवरून सी-हॉक आणि अलिझे विमाने उडत होती. तेव्हा डेक पुढच्या टोकापर्यंत सपाट होता आणि विमान वाफेच्या कॅटापल्टने पुढे फेकले जाई. १९८०च्या दशकात सी-हॅरियर आली. पुढे त्यांच्यासाठी डेकच्या टोकाला वर चढत जाणारा ‘स्की-जंप’ बसवण्यात आला.

गफलत इथेच होते. आज अनेक कुटुंबांच्या अल्बममध्ये विक्रांतचे फोटो सापडतील, पण ते संग्रहालयाच्या काळातले, म्हणजे स्की-जंप असलेल्या जहाजाचे. ते समोर ठेवून प्रतिकृती बनवली आणि डेकवर सी-हॉक उभी केली, तर तयार होणारे जहाज प्रत्यक्षात कधी अस्तित्वातच नव्हते. कितीही सुबक असले तरी ते चुकीचे. ऑस्ट्रेलियाची ‘मेलबर्न’ आणि कॅनडाची ‘बोनाव्हेंचर’ याच वर्गातल्या नौका होत्या, पण प्रत्येक देशाने आपल्या गरजेनुसार बदल केल्याने त्यांचीही आंधळी नक्कल चालत नाही.

मूळ जहाज शाबूत असेल तर?

काम सोपे होते, पण प्रश्न तोच राहतो. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाने सागवानात बांधलेली ब्रिटिश नौदलाची ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहता येते. मात्र १८४०च्या दशकात तिच्या तोफा कमी झाल्या आणि पिछाडीची बांधणी बदलली. म्हणजे तिच्याबाबतही आधी वर्ष ठरवावे लागते.

अशा शिडाच्या जहाजांसाठी १:४८ हे जुने प्रमाण आहे. खऱ्या जहाजाच्या एका फुटाला पाव इंच, हा त्याचा हिशेब. आधी कणा आणि आडव्या फासळ्या उभ्या करायच्या, मग त्यावर लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून एकेक चिकटवायची. त्यानंतर डोलकाठ्या आणि दोर. दोर किती जाड आणि कुठे बांधलेला, हेही मोजूनच ठरते.

साहित्य काय लागते?

प्लास्टिक किटसाठी धारदार हॉबी नाइफ, कटर, बारीक कानस, पॉलिश पेपर, चिमटा, गोंद आणि रंग एवढे पुरेसे आहे. रेलिंग, शिड्या, रडारच्या जाळ्या यांसाठी पितळेच्या पातळ पत्र्यावर रसायनाने कोरलेले भाग मिळतात. त्यांना ‘फोटो-एच’ म्हणतात. किटमध्ये नसलेले भाग आता थ्रीडी प्रिंटरवरही काढता येतात. मात्र न सुकलेले रेझिन हाताळताना हातमोजे आणि ते घासताना मास्क आवश्यक आहे. रंग आणि सुपरग्लू वापरताना खिडकी उघडी ठेवावी.

पाण्यात चालवायचे असेल तर?

इथे गणित बदलते. लांबी १०० पट कमी केली, तर वजन १०० गुणिले १०० गुणिले १००, म्हणजे दहा लाख पट कमी व्हावे लागते. पूर्ण भरलेली विक्रांत सुमारे १९,५०० टनांची होती. १:१०० प्रमाणात ती सात फूट लांब आणि साडेएकोणीस किलोची होईल. १:३५० प्रमाणात मात्र सगळे मिळून अर्ध्या किलोच्या आत बसवावे लागते, त्यातच मोटर आणि बॅटरीही आली.

वेग स्केलच्या वर्गमुळाने कमी करायचा असतो. १:१०० प्रमाणात तो दहा पट कमी होतो. विक्रांतचा ताशी सुमारे ४५ किलोमीटरचा वेग इथे साडेचार किलोमीटर होतो, म्हणजे माणसाच्या चालण्याएवढा. त्याच वेगात पाण्यावर उठणाऱ्या लाटा खऱ्या जहाजासारख्या दिसतात. १९व्या शतकात विल्यम फ्रूड या ब्रिटिश अभियंत्याने मांडलेला हा नियम नवी जहाजे तपासण्यासाठी आजही वापरला जातो.

सुरुवात कशी करावी?

आधी १:७०० प्रमाणातले, कमी भागांचे किट घ्यावे. पितळी भाग पहिल्या वेळी टाळावेत. एनसीसीच्या नौदल विभागात जहाजांच्या प्रतिकृती बनवायला शिकवतात, त्यांच्या स्पर्धाही होतात. विद्यार्थ्यांसाठी हा चांगला मार्ग आहे.

जहाज निवडल्यावर वर्ष ठरवा आणि फोटो गोळा करताना प्रत्येकावर तारीख टाका. तारीख नसलेला फोटो बाजूला ठेवा. प्रतिकृती पूर्ण झाली की खालच्या पट्टीवर नावासोबत ते वर्षही लिहा. उद्या ‘विक्रांतचा डेक १९७१ मध्ये कसा होता?’ असे कुणी विचारले, तर त्याला दाखवायला ती एक फुटाची विक्रांत असेल.