नाताळच्या आठवड्यात घर आवरताय? अडगळ कोणती आणि दान कोणतं, आधी हे ठरवा

शिरूर कासार : २० डिसेंबरला संत गाडगेबाबांची पुण्यतिथी, २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती आणि २५ डिसेंबरला नाताळ. या पाच-सहा दिवसांत गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच आवाहन फिरत असतं : ‘घरातले जुने कपडे, ब्लँकेट, खेळणी जमा करा, गरजूंना वाटायचे आहेत.’ शाळा-महाविद्यालयं, तरुण मंडळं आणि पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली तालुक्यातली पोरं यात पुढे असतात. वर्षअखेरच्या सुट्टीत गावाकडं येताना गाडीच्या डिकीत दोन पोती कपडे टाकून आणणारेही अनेक आहेत.

हेतू चांगलाच असतो. पण काय द्यायचं, कुणाला द्यायचं आणि कधी द्यायचं हे ठरलेलं नसलं की पोती समाजमंदिराच्या कोपऱ्यात पडून राहतात. उंदीर लागतात आणि उन्हाळ्यात कुणीतरी ती पेटवून देतं. देणाऱ्याच्या घरातली अडगळ तेवढी दुसऱ्याच्या दारात जाते. म्हणून घर आवरायला घेण्याआधी काही गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

डिसेंबरमधलं इथलं घर

आपल्याकडं घराची मोठी साफसफाई होते ती घटस्थापनेच्या आधी. गोधड्या, चादरी, पांघरुणं धुऊन वाळत टाकली जातात. फळ्यांवरची भांडी खाली उतरतात, भिंती झाडल्या जातात. दिवाळीला रंगरंगोटी होते. डिसेंबर उजाडेपर्यंत मात्र तालुक्यातल्या कितीतरी घरांना कुलूप लागलेलं असतं. कोयत्यावर गेलेली कुटुंबं तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर किंवा थेट कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडात असतात. गावात उरतात ती म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागं ठेवलेली लेकरं.

जाताना ही कुटुंबं पाच-सहा महिन्यांचा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा ट्रकमध्ये भरतात. धान्याचं पोतं, तवा-परात, घागर, गोधड्या, कपड्यांची एक-दोन गाठोडी आणि असलीच तर शेळी-कोंबडी. बसेल तेवढंच न्यायचं. काय लागतं आणि काय लागत नाही, याचा हिशेब या बायकांइतका पक्का कुणाचाच नसतो.

दान करणाऱ्यानं इथंच विचार करायला हवा. ज्या कुटुंबाचा सगळा संसार एका ट्रॉलीत मावतो आणि फड संपला की ज्याला कोपी मोडून दुसरीकडं जावं लागतं, त्याला पोतंभर कपडे देणं म्हणजे ओझं देणं. तिथं एक चांगली रग किंवा लेकराच्या मापाचा एक स्वेटर जास्त कामाचा.

झाडू आणि गाडगं

गाडगेबाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, २३ फेब्रुवारी १८७६ चा. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं निधन झालं. गावात आले की आधी हातात झाडू घ्यायचा, गल्ल्या साफ करायच्या आणि रात्री कीर्तन करायचं, ही त्यांची रीत. अंगावर चिंध्यांचं पांघरूण आणि हातात गाडगं, एवढीच त्यांची मालमत्ता होती. लोकांनी दिलेल्या पैशातून मात्र त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी आणि उघड्याला वस्त्र, ही त्यांची शिकवण आजही शाळांच्या भिंतींवर लिहिलेली दिसते.

बाबांच्या कामात सफाई आणि दान ही दोन वेगळी कामं होती, हे ध्यानात घेतलं पाहिजे. झाडून निघालेला कचरा त्यांनी कधी कुणाला वाटला नाही. लोकांसाठी जे उभं केलं ते पक्कं आणि टिकाऊ होतं.

नाताळची रीत

शेजारच्या अहिल्यानगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. त्यामुळं मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांचा नाताळ या भागाला नवा नाही. घर स्वच्छ करायचं, करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू करायचे आणि शेजारीपाजारी ताट पोचवायचं. दिवाळीसारखंच. फराळाचं ताट पाठवताना कुणी उरलंसुरलं पाठवत नाही, जे घरात खाल्लं जातं तेच जातं. कपड्यालत्त्यालाही हाच नियम लावला की अर्ध्याहून जास्त प्रश्न तिथंच सुटतो.

नगरलाच राहिलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक हाती येईल ते देऊन टाकणारे होते. त्यापायी घर चालवताना होणारी ओढाताण लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवली आहे. त्यातून आजही घ्यावं असं एक आहे : दान घरात विचारून करावं. सासूबाईंचा तांब्याचा हंडा सुनेच्या लेखी अडगळ असेल, पण तो सासूबाईंच्या माहेरचा असू शकतो. लेकरांच्या खेळण्यांचंही तसंच. कोणतं द्यायचं हे त्यांनाच निवडू द्यावं. हिसकावून दिलेल्या खेळण्यातून लेकरू देणं शिकत नाही, लपवायला शिकतं.

चार ढीग करा

घर आवरताना सगळं एका पोत्यात कोंबू नये. चार ढीग करावेत.

पहिला ढीग देण्याजोग्या वस्तूंचा. कपडा फाटलेला नको, बटणं-चेन शाबूत हवी, डाग नको. धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवावा. लेकरांच्या कपड्यांवर वयाची चिठ्ठी लावावी, उदाहरणार्थ ‘मुलगा, ६ ते ८ वर्षं’. चपला-बुटांची जोडी एकमेकांना बांधून टाकावी, नाहीतर वाटपाच्या वेळी एकच पाय सापडतो.

दुसरा ढीग दुरुस्तीचा. उसवलेली शिवण, तुटलेला बंद, चालू न होणारा पण दुरुस्त होणारा टेबल फॅन. दुरुस्त करूनच द्यावं. मिक्सरची दुरुस्ती घेणाऱ्याच्या माथी मारली तर ती वस्तू पडूनच राहते.

तिसरा ढीग नव्यानं वापरायच्या कापडाचा. जुन्या सुती साड्या, धोतरं, लुगडी यांना आपल्याकडं आजही किंमत आहे, ती गोधडीमुळं. मऊ झालेलं सुती कापड थरावर थर टाकून धावदोऱ्यानं शिवलं की थंडीत त्याच्याइतकं उबदार काही नाही. गावात गोधडी शिवून देणाऱ्या बाया आहेत. त्यांना शिलाई द्यावी आणि तयार गोधडी दान करावी. घेणाऱ्याला पांघरूण मिळतं, शिवणारीला काम मिळतं. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दारावर येते, तिला कपडे देणं हाही सरळ व्यवहार आहे. तिच्याकडचं कापड पुढं बाजारात जाऊन कुणाच्या तरी अंगावर जातं.

चौथा ढीग कचऱ्याचा. फाटकी अंतर्वस्त्रं, मुदत संपलेली औषधं, तडा गेलेला प्लास्टिकचा डबा, विटलेलं सिंथेटिक कापड. हे कुणालाही देऊ नये. उरलेल्या गोळ्या-औषधं ‘उपयोगी पडतील’ म्हणून वाटणं तर धोक्याचं आहे. जुना मोबाईल द्यायचा असेल तर सिम, मेमरी कार्ड काढावं, बँकेची अॅप आणि फोटो पुसून फोन रिसेट करावा, मग द्यावा.

ढीग लागले की काय होतं

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. देशभरातून तमिळनाडूच्या किनाऱ्याकडं कपड्यांचे ट्रक निघाले. त्यातला बराच माल तिथल्या लोकांच्या वापराचा नव्हता, तो रस्त्याकडेला पडून राहिला. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेनं असं टाकून दिलेलं कापड निवडून ते वापरात आणण्याचं मोठं काम तेव्हा केलं. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावानं श्रमदानातून विहीर, रस्ता, तळं असं काम करायचं आणि त्या बदल्यात कपडे घ्यायचे, अशी या संस्थेची पद्धत आहे. घेणारा हात पसरत नाही, कमावून घेतो. सुती कापडापासून सॅनिटरी पॅड करण्याचं कामही ही संस्था करते.

कोपीवर जाणार असाल तर

ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर वाटप करायचं असेल तर वेळ बघावी. जोडपी पहाटेच फडात जातात, गाडी भरायला रात्र होते. दुपारी गेलं तर तान्ही लेकरं आणि त्यांना सांभाळणारी थोडी मोठी लेकरंच भेटतात. आधी टोळीच्या मुकादमाशी किंवा कारखान्याच्या शेतकी विभागाशी बोलून किती कुटुंबं आहेत, लेकरं किती आणि कोणत्या वयाची, ते विचारून घ्यावं.

कोपीत चूल असते, भोवती पाचट असतं. नायलॉनचं कापड आगीनं वितळून अंगाला चिकटतं. म्हणून लेकरांसाठी सुती किंवा लोकरीचं द्यावं. रग किंवा सोलापुरी चादर, कानटोपी, बंद बूट, सौर दिवा, पाणी साठवायला झाकणाचा कॅन, मजबूत ताडपत्री या वस्तू फडात रोज लागतात. बायकांसाठी सॅनिटरी पॅड किंवा स्वच्छ सुती कापड द्यावं. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातून राज्यभर गाजला. पाण्याची आणि आडोशाची सोय नसणं हे फडातल्या बायकांचं रोजचं दुखणं आहे. म्हणून हे सामान बाईच्या हातानं बाईला दिलं जावं, गाडीवर उभं राहून पुरुषांनी वाटू नये.

तालुक्यात आणि जिल्ह्यात कुठं देता येईल

लांब जायची गरज नाही. शिरूर कासार तालुक्यातच आर्वी इथं दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी उभं केलेलं ‘शांतिवन’ आहे. ऊसतोड कामगारांची आणि आधार हरपलेली मुलं तिथं राहून शिकतात. गेवराईजवळ संतोष गर्जे यांचं ‘सहारा’ बालग्राम आहे. बीडजवळ पाली इथं दत्ता आणि संध्या बारगजे यांचं ‘इन्फंट इंडिया’ एचआयव्हीबाधित मुलांना सांभाळतं. याशिवाय आई-वडील कोयत्यावर गेलेल्या मुलांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहं चालतात, त्याची माहिती जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांकडं मिळते.

कुठंही जायचं तर आधी फोन करावा आणि ‘तुम्हाला काय लागतं?’ असं विचारावं. जिथं पन्नास मुलं एकत्र राहतात तिथं कपड्यांपेक्षा किराणा, वह्या, साबण, तेल, गाद्यांच्या खोळी किंवा वीजबिलाचे पैसे जास्त लागत असतील. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं शासनाकडून मोफत मिळतात, त्यामुळं जुन्या पाठ्यपुस्तकांपेक्षा कोऱ्या वह्या, गोष्टींची पुस्तकं आणि स्पर्धा परीक्षेची चालू अभ्यासक्रमाची पुस्तकं द्यावीत.

वस्तूंच्या दानावर आयकरात सवलत मिळत नाही. पैशाच्या दानावर मिळते, पण रोखीनं २,००० रुपयांपेक्षा जास्त दिलेल्या रकमेवर नाही. जुनी करपद्धत निवडलेल्यांनाच ती लागू होते. म्हणून रक्कम मोठी असेल तर बँकेतून पाठवावी आणि पावती घ्यावी.

फोटोचं काय?

ब्लँकेट देताना फोटो काढून स्टेटसला ठेवण्याची सवय वाढली आहे. बालगृहातल्या मुलांबाबत हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो माध्यमांतून प्रसिद्ध करायला मनाई आहे. कोपीवरच्या मजुरालाही लाज असते. त्याचं लेकरू उद्या याच तालुक्याच्या शाळेत बसणार आहे आणि तोच फोटो त्याच्या वर्गातल्या पोरांच्या मोबाईलवर असणार आहे. वाटपाचा हिशेब ठेवायचा तर सामानाचा फोटो काढावा.

पुढं संक्रांत आहे

नाताळनंतर तीन आठवड्यांत मकर संक्रांत येते. हळदी-कुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकच्या वाट्या, डब्या, टोपल्या लुटल्या जातात आणि वर्षभरात त्याच वस्तू पुन्हा माळ्यावर जातात. एका आळीतल्या दहा-पंधरा बायकांनी वाणाचे पैसे एकत्र केले तर गावातल्या हंगामी वसतिगृहातल्या मुलांसाठी रगा घेता येतात. ज्यांना वाण द्यायचंच आहे त्यांनी रोज लागणारी वस्तू द्यावी : साबण, काडेपेटी, चहाची गाळणी, सुती रुमाल.

कोयत्यावर गेलेली माणसं साधारण पाडव्याच्या सुमारास परततात. तोवर जानेवारीची थंडी फडातच काढायची असते. कपाटात घडी घालून ठेवलेली जादाची रग द्यायची असेल तर ती आत्ताच द्यावी, मार्चमध्ये तिचा उपयोग नाही.