बीटा घ्यावा की थांबावं?

संगणकाची किंवा मोबाईलची नवी प्रणाली सर्वांसाठी खुली होण्याआधी तिची कच्ची आवृत्ती हौशी मंडळींना वापरायला मिळते. तिला बीटा म्हणतात. ॲपलचा गेल्या काही वर्षांतला शिरस्ता असा, की जूनमध्ये घोषणा होते, जुलैच्या सुमारास सार्वजनिक बीटा येतो आणि सप्टेंबरात पक्की आवृत्ती. पैसे पडत नाहीत, म्हणून मोह होतो.

आता पाहा, नव्या रुळांवर प्रवासी गाडी धावण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये खुली झाली, तीही तपासणीनंतरच. बीटात मात्र चाचणीच्या गाडीत आपणच बसलेले असतो. बॅटरी भराभर उतरते, बँकेचं ॲप उघडत नाही. परतायचं म्हटलं तर बहुधा फोन पूर्ण पुसावा लागतो. शिवाय आयफोनवर बीटा असताना घेतलेली माहितीची प्रत जुन्या आवृत्तीवर चढत नाही. म्हणून प्रत आधीच घेऊन ठेवावी.

मराठी लिहिणाऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं. डोंबिवली-ठाण्यातल्या डीटीपीवाल्यांकडे आणि माझ्यासारख्यांच्या घरी जुन्या फॉन्टांतला मजकूर अजून पडून आहे. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. टंकलेखनाचा जुना प्रोग्राम नव्या प्रणालीवर चालला नाही, तर कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. अशा कामाच्या संगणकावर बीटा टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण कुणीच टाकायचा नाही का? 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतल्या, आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. फरक फक्त 'र' कसा जोडला त्याचा. तो चुकीचा उमटला तर दूर परदेशात बसलेल्या इंजिनिअरला कळणार कसं? २०१८ च्या फेब्रुवारीत तेलुगूतलं 'ज्ञा' हे एक जोडाक्षर संदेशात आलं, की आयफोनवरचं ॲप बंद पडे. गंमत अशी, की पुढच्या आवृत्तीचा बीटा वापरणाऱ्यांना तो त्रास नव्हता. बाकीच्यांसाठी ॲपलने त्याच महिन्यात दुरुस्ती काढली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात विंडोज १० ची नवी आवृत्ती आली आणि काहींच्या फायलीच नाहीशा झाल्या. मायक्रोसॉफ्टला वितरण थांबवावं लागलं. ते नोव्हेंबरात पुन्हा सुरू झालं. चाचणी करणाऱ्या मोजक्या लोकांनी ही तक्रार आधीच नोंदवली होती, पण ती इतर तक्रारींच्या ढिगाऱ्यात दबून गेली. मराठीची तक्रार एकट्यादुकट्याने केली तर तिचंही हेच होणार.

कल्याणचा माझा भाचा जुन्या, रिकाम्या फोनवर बीटा घेतो. "मामू, काय काय टाइप करून बघू?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी यादी दिली : दऱ्या, दर्या, पायऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड, ज्ञानेश्वर. यातलं जे बिघडलेलं दिसेल, त्याचं चित्र काढून तो कंपनीला पाठवतो, आणि मित्रांनाही पाठवायला लावतो.